संथ इपॉक्सी, झटपट गोंद आणि सिलिकॉनची पट्टी: मोडतोड निभावणाऱ्या तीन वस्तूंचे परीक्षण

घरात काही मोडले, तडकले किंवा गळू लागले की बहुतेकांचा हात आधी झटपट गोंदाच्या इवल्याशा नळीकडे जातो, आणि त्या नळीने भागले नाही तर ती वस्तू टाकून द्यायचा विचार सुरू होतो. या दोन्हींच्या मध्ये दुरुस्तीला पुष्कळ वाव असतो. तो वाव देणाऱ्या तीन वस्तू माझ्या दुरुस्तीच्या डब्यात कायम असतात: दोन नळ्यांमधून येणारा संथ इपॉक्सी, झटपट गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट, आणि केवळ स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची पट्टी. त्यांचे परीक्षण मी एका विशिष्ट उत्पादकाच्या मालापुरते न ठेवता त्या त्या प्रकाराचे म्हणून करत आहे, कारण एकाच प्रकारातल्या निरनिराळ्या उत्पादनांमधला फरक हा प्रकाराप्रकारांमधल्या फरकापुढे किरकोळ ठरतो. ती वस्तू आपल्याला वेळ मिळवून देते की असलेला वेळही काढून घेते, याला मी या परीक्षणात सर्वाधिक महत्त्व दिले आहे.

पहिला मान संथ इपॉक्सीचा, आणि तो देताना माझ्या मनात कोणताही किंतु नाही. एका नळीत रेझिन आणि दुसऱ्या नळीत हार्डनर असतो, आणि दोन्ही एकत्र आल्यावर त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन घट्ट, जाळीदार रचनेचा घन पदार्थ तयार होतो. पाणी किंवा द्रावक उडून जाऊन वाळणाऱ्या गोंदापेक्षा ही क्रिया मुळातच वेगळी आहे. इपॉक्सीमधून जवळजवळ काहीच उडून जात नसल्यामुळे तो घट्ट होताना फारसा आक्रसत नाही. स्वित्झर्लंडमधील रसायनतज्ज्ञ पिएर कास्तान यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या रेझिनांवर काम केले ते कवळ्यांसाठी साहित्य शोधताना, आणि त्या कामात न आक्रसण्याला अर्थातच फार महत्त्व होते. पुढे 1946 मध्ये सीबा कंपनीने याच रेझिनावर आधारित ‘अराल्डाइट’ बाजारात आणले. कवळीसाठी शोधलेला हाच गुण खुर्चीच्या पायाला, चष्म्याच्या दांडीला आणि बॅगेच्या चाकाच्या खोबणीला उपयोगी पडतो, कारण मोडलेल्या कडा क्वचितच एकमेकींवर तंतोतंत बसतात आणि मधली उरलेली फट भरून काढील असाच गोंद तिथे लागतो.

बाजारात इपॉक्सीचे साधारण दोन प्रकार मिळतात: पाच मिनिटांत घट्ट होऊ लागणारा, आणि तासाभराहून अधिक वेळ हाताळता येणारा, पूर्ण ताकद यायला चोवीस तास किंवा थोडा अधिक वेळ घेणारा. माझी शिफारस दुसऱ्याची आहे. पाच मिनिटांच्या इपॉक्सीचा जोड सामान्यतः कमी ताकदीचा आणि ओलाव्यापुढे लवकर हार मानणारा असतो, शिवाय तुकडे जुळवताना जी घाई होते तिच्यामुळे जोड वाकडा बसण्याचा धोका असतो. संथ प्रकारात तुकडा लावून पाहता येतो, काढून पुन्हा बसवता येतो, कडेने बाहेर आलेला गोंद स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येतो आणि मग निवांतपणे रबर बँड, मास्किंग टेप किंवा क्लॅम्प लावून वस्तू बाजूला ठेवता येते. क्लॅम्प मात्र बेताने आवळावा. फार दाब दिला तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांध्यात जोडणारे असे काही उरतच नाही.

इपॉक्सीबद्दल जितक्या तक्रारी ऐकू येतात त्यांतल्या बहुतेकांचे मूळ गोंदात नसून पूर्वतयारीत असते. गुळगुळीत पृष्ठभागावर तो नुसता बसतो, पण धरत नाही. म्हणून दोन्ही कडा सँडपेपरने खरखरीत कराव्यात, धूळ झटकावी आणि मग स्पिरिटने पुसून पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात. धातू किंवा चिनी मातीचा तुकडा खरोखर स्वच्छ झाला आहे का हे पाहण्याची एक सोपी रीत आहे: त्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. पाणी सलग पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, थेंब गोळा होऊन वेगळे राहिले तर तेलकटपणा अजून शिल्लक आहे. यानंतर तुकडा अर्थातच पुन्हा वाळवावा लागतो.

मिसळण्याच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो म्हणजे हार्डनर जरा जास्त घातला की जोड अधिक मजबूत होतो. तसे होत नाही. दोन्ही घटक ठरावीक प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात, आणि जो घटक जास्त झाला असेल तो तसाच अडकून राहून जोड मऊ किंवा चिकट ठेवतो. त्यामुळे वेष्टनावरचे प्रमाण कटाक्षाने पाळावे, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कडा आणि तळ खरवडत दीड-दोन मिनिटे मिश्रण नीट घोटावे, आणि मोठ्या कामासाठी ते वाटीत साठवून न ठेवता पसरट ठेवावे, कारण ही क्रिया उष्णता बाहेर टाकते आणि गोळा करून ठेवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होते. उरलेले थोडे मिश्रण त्याच पुठ्ठ्यावर राहू द्यावे आणि पुठ्ठा दुरुस्त केलेल्या वस्तूशेजारी ठेवावा. सांधा घट्ट झाला का हे पाहायला सांध्याला हात लावायची गरज नाही, पुठ्ठ्यावरचा नमुना नखाने दाबून पाहिला की कळते. थंड हवेत हा वेळ बराच लांबतो. ढोबळ मानाने तापमान 10 अंशांनी वाढले की क्रियेचा वेग दुप्पट होतो, त्यामुळे थंडीच्या दिवसांत वस्तू घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवणे हिताचे.

काटकसरीच्या दृष्टीने इपॉक्सीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो न मिसळता नळीत राहिला तर दीर्घकाळ टिकतो. जुन्या नळीतले रेझिन कधी कधी पांढरट, रवाळ होते आणि लोक ते खराब झाले असे समजून टाकून देतात. पुष्कळदा ते फक्त स्फटिकरूप झालेले असते. टोपण घट्ट लावून नळी साधारण 50 अंश तापमानाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवली की ते पुन्हा पारदर्शक होते, आणि पूर्ण निवल्यावर नेहमीसारखे वापरता येते. जोडसिरिंजमध्ये येणाऱ्या इपॉक्सीपेक्षा मला दोन सुट्या नळ्या पसंत आहेत. सिरिंज सोयीची दिसते खरी, पण पहिल्या दाबाला दोन्ही बाजूंनी सारखे प्रमाण येईलच असे नाही, आणि टोकाशी दोन्ही घटक एकमेकांत मिसळले तर तोंडच बंद होते. सुट्या नळ्यांत एकच पथ्य आहे: टोपणांची अदलाबदल होऊ द्यायची नाही. नळी आणि तिचे टोपण दोन्हींवर एकाच रंगाची खूण करून ठेवली की हा प्रश्न सुटतो.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. घरगुती इपॉक्सी साधारण 60 ते 80 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, त्यामुळे उकळते पाणी ओतायच्या भांड्याला तो नको, आणि खास तसा उल्लेख नसेल तर अन्नाशी थेट संपर्क येणाऱ्या भागालाही नको. उन्हात तो पिवळा पडतो. त्वचेला वारंवार लागला तर काही जणांना कायमची ॲलर्जी होते, म्हणून हातमोजे वापरावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. लाकडाचे भोक मोठे होऊन स्क्रू फिरू लागला असेल तर बारीक लाकडाचा भुसा मिसळलेला इपॉक्सी त्यात भरून, तो घट्ट झाल्यावर नवे बारीक भोक पाडून स्क्रू पुन्हा बसवता येतो. केवळ या एका कामासाठीही मी हा गोंद घरात ठेवला असता, इतकी कपाटांची आणि खुर्च्यांची दुखणी त्याने दूर होतात.

आता झटपट गोंदाकडे वळतो. ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी 1942 मध्ये बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. सायनोॲक्रिलेट हाताशी आले, पण ते जिथे लागेल तिथे चिकटून बसत असल्याने बाजूला ठेवले गेले. 1951 मध्ये कूव्हर यांच्याच गटाने त्याकडे पुन्हा लक्ष दिले आणि 1958 मध्ये ते गोंद म्हणून विक्रीला आले. पृष्ठभागावर असलेला किंचितसा ओलावाही त्याची क्रिया सुरू करायला पुरतो, आणि म्हणूनच तो काही सेकंदांत धरतो. हा वेग हेच त्याचे वैशिष्ट्य आणि हाच त्याचा दोष. तुकडा केसभर तिरका बसला तरी तो तसाच राहतो, आणि सुधारायला संधी मिळत नाही.

त्याचा जोड कठीण पण ठिसूळ असतो. सरळ खेचण्याचा ताण तो चांगला सहन करतो, मात्र सोलल्यासारखा किंवा धक्क्याचा ताण आला की एकदम सुटतो. बुटाचा तळवा, बॅगेची कडी, वाकणारी पट्टी अशा जागी तो निकामी ठरतो तो यामुळेच. फट भरणेही त्याला जमत नाही. जिथे दोन कडा अगदी घट्ट बसतात आणि तुकडा हाताने धरून ठेवण्याशिवाय दुसरी सोय नसते, तिथे मात्र त्याला पर्याय नाही: फुलदाणीच्या काठाचा उडालेला टवका, खेळण्याचा बारीक भाग, दागिन्यातला सुटलेला खडा. थेंब एकच हवा. थर जाड झाला की तो नीट धरत नाही आणि भोवती पांढरा धूसर डाग पडतो.

या गोंदाबद्दल सुरक्षिततेच्या काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात. सुती किंवा लोकरी कापडावर तो सांडला तर क्रिया इतक्या वेगाने होते की भाजण्याइतकी उष्णता निर्माण होते, म्हणून सांडलेला गोंद कापडाने किंवा कापसाने कधीही पुसू नये. बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू एकमेकांवर फिरवत मोकळी करावीत. डोळ्याशी संबंध आला तर पापण्या उघडण्याचा प्रयत्न न करता कोमट पाण्याने धुवावे आणि तडक डॉक्टरांकडे जावे. नेलपॉलिश काढण्याच्या ॲसिटोनने वाळलेला गोंद विरघळतो, पण तेच ॲसिटोन पुष्कळ प्रकारचे प्लॅस्टिकही विरघळवते किंवा तडकवते, त्यामुळे वस्तूवर वापरण्यापूर्वी न दिसणाऱ्या जागी तपासून पाहावे.

नळी एकदा उघडली की हवेतली आर्द्रता आत शिरते आणि पुढच्या गरजेपर्यंत अर्धा गोंद दगड झालेला असतो. काटकसरीचा विचार केला तर मोठी बाटली घेण्यापेक्षा एकदाच वापरायच्या छोट्या नळ्यांचे पाकीट परवडते. न उघडलेल्या नळ्या फ्रिजमध्ये चांगल्या टिकतात. बाहेर काढल्यावर नळी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर तिच्यावर जमणारे दवच गोंद वाया घालवते.

इथे एक इशारा दोन्ही गोंदांना लागू आहे. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकांवर दोघेही नीट धरत नाहीत, आणि बादल्या, टब, झाकणे, डबे यांतले बरेचसे याच प्लॅस्टिकांचे असतात. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात 2, 4 किंवा 5 हा आकडा दिसला तर गोंद वाया घालवू नये. अशा तडकलेल्या वस्तूला शिवणे हा खरा उपाय. तडा जिथे संपतो तिथे आधी एक बारीक भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तड्याच्या दोन्ही बाजूंना भोके पाडून तांब्याच्या किंवा स्टीलच्या बारीक तारेने टाके घालावेत. असा टब पाणी धरणार नाही, पण कपडे, बागेची माती किंवा अवजारे ठेवायला वर्षानुवर्षे चालतो. दिसायला ओबडधोबड असलेली ही दुरुस्ती मला अत्यंत प्रिय आहे, कारण तिच्यात विकत घेण्यासारखे जवळजवळ काहीच नसते.

सिलिकॉनची पट्टी ही या तिघींत सर्वांत कमी ठाऊक असलेली वस्तू आहे, आणि अडीअडचणीसाठी एकच काही घ्यायचे झाले तर मी तीच सुचवीन. तिला गोंद नसतो. ती ताणून स्वतःवर गुंडाळली की तिचे थर एकमेकांत मिसळून सलग रबरी नळीसारखे आवरण तयार होते. बाकी कशालाही ती चिकटत नाही, त्यामुळे काम संपल्यावर ब्लेडने चिरून काढता येते आणि मागे चिकटपणा राहत नाही. कापडी चिकटपट्टी ओल्या पाइपवर धरत नाही आणि उष्णतेत तिचा गोंद पाझरतो. सिलिकॉनच्या पट्टीला या दोन्ही अडचणी नाहीत, आणि सुमारे 200 अंशांपर्यंतची उष्णता ती सहज सोसते.

पाइप गळू लागला की पहिले काम पट्टी शोधणे नव्हे, मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे. त्यानंतर पाइप पुसून घ्यावा, चिरेच्या चार-पाच सेंटीमीटर अलीकडून सुरुवात करावी, पट्टी मूळ लांबीच्या दुप्पट ते तिप्पट होईल इतकी ताणत प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत चिरेच्या तितकेच पलीकडे जावे, आणि मग परत यावे. तीन थर तरी हवेत. पट्टी न ताणता गुंडाळली तर ती एकजीव होत नाही, आणि ‘चालत नाही’ अशी तक्रार बहुधा यातूनच येते. थोडा वेळ थांबून व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा आणि खाली कोरडा कागद ठेवून गळती पूर्ण थांबली का ते पाहावे. सरळ पाइपवर ती उत्तम काम करते, पण कोपऱ्यावर किंवा तीन तोंडांच्या जोडावर तिला पकड मिळत नाही. आट्यांच्या सांध्यातून होणारी गळती हे तिचे काम नाही. तिथे सांधा सोडवून आट्यांवर टेफ्लॉन टेप, सांधा ज्या दिशेने आवळला जातो त्याच दिशेने, गुंडाळून पुन्हा बसवावा लागतो.

ही दुरुस्ती प्लंबर येईपर्यंतची आहे हे मनात पक्के असावे. पाइप बदलणे तिच्याने टळत नाही, मात्र मध्यरात्री किंवा सुटीच्या दिवशी मिळेल त्याला मागेल ते देऊन बोलावण्याची वेळ तिच्यामुळे टळते, आणि नीट चौकशी करून योग्य माणूस निवडायला सवड मिळते. पेट्रोल आणि तेलाने सिलिकॉन फुगते, म्हणून इंधनाच्या नळीला ती लावू नये. गॅसच्या नळीला तर यांपैकी कोणत्याच वस्तूने हात लावू नये. शिडी, हेल्मेट, ब्रेक, लहान मुलांची आसने, आतली तार उघडी पडलेली विजेची वायर, यांचीही घरच्या घरी डागडुजी करायची नसते. चार्जरच्या केबलचे वरचे आवरण टोकाशी वाकून चिरू लागले असेल तर मात्र या पट्टीचे दोन थर तिचे आयुष्य चांगलेच वाढवतात.

तिन्ही वस्तू ज्या डब्यात ठेवाल त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा, असे मी आवर्जून सुचवीन. त्यावर मुख्य व्हॉल्व्ह आणि विजेचा मुख्य स्विच कुठे आहेत, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांचे क्रमांक, आणि प्रत्येक नळी उघडल्याची तारीख लिहिलेली असावी, म्हणजे आपण घरी नसताना दुसऱ्या कोणालाही तो डबा वापरता येईल. मुख्य व्हॉल्व्ह अधूनमधून बंद-उघडा करून पाहणेही गरजेचे आहे, कारण वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह नेमका गरजेच्या वेळी जाम होतो. डब्यात टॉर्च ठेवणार असाल तर सेल बाहेर काढून शेजारी ठेवावेत. आत राहिलेले सेल पाझरले की टॉर्च निकामी होतो.

खरेदी करताना इपॉक्सीच्या वेष्टनावर हाताळण्याचा वेळ आणि पूर्ण ताकदीचा वेळ असे दोन्ही आकडे छापलेले आहेत का ते पाहावे. ज्यावर फक्त ‘पाच मिनिटांत’ एवढेच ठळक लिहिलेले असते ते मी घेत नाही. सिलिकॉनची पट्टी 25 मिलिमीटर रुंदीची घ्यावी, अरुंद पट्टी पाइपवर फार वेढे मागते. तिच्या थरांमधला प्लॅस्टिकचा पातळ कागद शाबूत हवा, कारण धूळ बसलेली पट्टी स्वतःलाही चिकटत नाही. उत्पादकांकडे माझी एकच मागणी आहे. इपॉक्सीची एक नळी आधी संपली तर ती एकटी विकत मिळायला हवी, कारण आज तिच्यासाठी दुसरी भरलेली नळीही टाकून द्यावी लागते.